क्रिकेटच्या अर्जावर माझीही सही आहे

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
पार्क व रिक्रिएशन समिती,
आमची टाउनशिप, न्यू जर्सी

सन्माननीय सदस्यहो,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत मी सोमवारी आपल्या ऑफिसात दिली आणि पोचही घेतली. मग पुन्हा मराठीत कशाला, असं कुणी विचारेल. गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण पार्कमधला नऊ बास्केटचा डिस्क गोल्फ कोर्स काढून तिथे क्रिकेटचं मैदान करायचं ठरवलंत, ते 'भारतीय रहिवाशांच्या मागणीवरून'. त्या मागणीच्या अर्जावर ३१२ सह्या आहेत. यादी मी मागवून घेतली आणि नाव नि नाव वाचली. त्यातली निम्मी माणसं मला आरतीला, हळदीकुंकवाला आणि रविवारच्या मराठी शाळेत भेटतात. पत्र आपल्याला आहे, पण ते या मंडळींनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. आणि त्यांच्याशी मी इंग्रजीत बोलायला लागले, तर बाईंचं काहीतरी बिनसलंय असं समजून ती लांबूनच नमस्कार करतील.

१८७ क्रमांकाची सही माझी आहे.

ती कशी झाली ते सांगते. गणपतीची आरती संपली होती, शाळेच्या कॅफेटेरियात जेवणाची रांग लागली होती. माझ्या एका हातात मसालेभाताची प्लेट. ओळखीचा एक मुलगा समोर आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा आहे, पण त्याच्या आईला मी ओळखते म्हणून मुलगा. म्हणाला, 'काकू, टाउनशिपमध्ये क्रिकेटचं ग्राउंड मागतोय, एक सही करा.' कागदावर वर तेवढंच लिहिलं होतं. माझा नवरा साठीला आला तरी दर रविवारी टेनिस बॉलने बॅटिंग करून सोमवारी पाठीला शेक घेतो. क्रिकेटला मी नाही कशी म्हणणार? प्लेट सावरत सही केली. जागा कुठली मागायची ते दुसऱ्या पानावर होतं. पान उलटलं असतं तर दिसलं असतं. उलटलं नाही, ही चूक माझी. तिची जबाबदारी मी कुणावर ढकलत नाही.

पण त्या सहीच्या जोरावर जे काढून टाकलं जाणार आहे, ते काय आहे हे सह्या करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. मलाही २०२० पर्यंत माहीत नव्हतं. झाडांमध्ये त्या साखळ्या लावलेल्या टोपल्या दिसायच्या, मी समजत होते पक्ष्यांना दाणे घालायची सोय असेल.

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं आणि मुलगा घरी आला. घरात चार माणसं, चार लॅपटॉप, एक वायफाय. एक दिवस तो मला म्हणाला, 'आई, तू सकाळपासून तिसऱ्यांदा फ्रीज पुसतेयस. चल बाहेर.' त्याच्याकडे दोन डिस्क होत्या. मुलं समुद्रावर खेळतात त्या फ्रिस्बीपेक्षा लहान, जड, आणि कडेला सुरीसारख्या निमुळत्या. टी पॅडवरून, म्हणजे फेकायच्या ठरलेल्या जागेवरून, डिस्क फेकायची, ती पडेल तिथे जायचं, तिथून पुन्हा फेकायची, असं करत बास्केटमध्ये टाकायची. किती फेकी लागल्या ते मोजायचं. बस, एवढाच खेळ. गोल्फचेच नियम, फक्त काठी नाही, चेंडू नाही, क्लबाची फी नाही आणि पांढरी पँट नाही. डिस्क पंधरा डॉलरला मिळते. पार्कमधल्या कोर्सवर तिकीट नसतं, वेळ राखून ठेवावी लागत नाही. एकट्याने खेळता येतं, सातजणांनाही येतं.

पहिल्या दिवशी मला नऊ बास्केटना ५८ फेकी लागल्या. पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला लागाव्यात तेवढ्या फेकी, आहे २७. दंडाचा जोर लावून काही होत नाही हे कळायला महिना गेला. ओली साडी दोरीवर टाकण्याआधी जशी झटकतात, तसा शेवटच्या क्षणी मनगटाने झटका द्यावा लागतो. डिस्क फिरत राहिली तरच सरळ जाते. वेग कमी झाला की उजव्या हाताने फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे वळते. ते वळण आधी धरून झाडाच्या उजव्या अंगाने फेकायची आणि ती बुंध्याला वळसा घालून बास्केटजवळ उतरताना पाहायची, याच्यात जे सुख आहे ते मला आजवर कुठल्याही योगवर्गात मिळालेलं नाही. साखळ्यांना डिस्क लागते तेव्हा जो आवाज होतो, तो थेट आमच्या साताऱ्याच्या घरातल्या झोपाळ्याच्या कड्यांचा. आता माझा सर्वांत चांगला आकडा ३१ आहे. मी ५८ वर्षांची आहे, पार्कपासून चार मिनिटांवर राहते आणि पाऊस-बर्फ सोडले तर आठवड्यातून चारदा तिथे असते.

आणखी एक गोष्ट आपल्याला सांगायची आहे, ती बैठकीत सांगायला जमली नसती. लहानपणी आमच्या गल्लीतली मुलं मैदानावर क्रिकेट खेळायची. माझे दोन्ही भाऊ खेळायचे. मी कठड्यावर बसून स्कोअर लिहायचे. पाठकोऱ्या वह्या शिवून त्यात लिहायचे. माझा स्कोअर एकदाही चुकला नाही याचा मला अजून अभिमान आहे. पण त्या कठड्यावरून मला खाली कुणी बोलावलं नाही, मीही उतरले नाही. मैदानात उभं राहून काहीतरी फेकायचं, चुकायचं, पुन्हा फेकायचं, आणि स्वतःचाच स्कोअर लिहायचा, हे पहिल्यांदा केलं ते त्रेपन्नाव्या वर्षी, आपल्या या कोर्सवर. तेव्हा 'वापर कमी असलेली सुविधा' हे आपल्या टिपणातले शब्द मी जरा वेगळ्या कानांनी ऐकले.

हा खेळ काल-परवाचा फॅडही नव्हे. डिस्क फेकून झाडं, विजेचे खांब, कचऱ्याचे डबे टिपायचा खेळ लोक आधीपासून खेळत होते. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी त्याला शिस्त लावली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसडीनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला. तिथे सुरुवातीला नुसते खांब होते. खांबाला डिस्क लागली की नाही यावरून भांडणं व्हायला लागली, म्हणून साखळ्यांची बास्केट आली आणि १९७७ मध्ये हेड्रिक यांना तिचं पेटंट मिळालं. भांडण मिटवायला लावलेल्या साखळ्यांवरून आज आपण भांडतोय. हे हेड्रिक २००२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'तुझं तसलं काही करायला सांगू नकोस, मला भटजी मिळणार नाहीत.' असो. आपल्यापासून फार लांब नाही, फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमध्ये सेजली वूड्स नावाचा कोर्स १९७७ पासून आहे. तो अजून चालू आहे. मी तिथे खेळून आले आहे. ओकची झाडं आमच्यापेक्षा जुनी, वाटा लोकांनी स्वतः राखलेल्या, आणि बाकावर बसलेल्या एका आजोबांनी मला न विचारता माझी पकड सुधारून दिली.

आता तक्रारी.

पहिली तक्रार, निर्णय कसा झाला याची. बैठकीच्या विषयपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर एक ओळ होती: 'पार्क सुविधांचे पुनर्नियोजन'. कायद्याने आपण चुकला नाहीत. खुल्या बैठकांचा १९७५ चा राज्याचा कायदा ४८ तास आधी सूचना मागतो, ती आपण दिलीत. पण त्या ओळीतून 'नऊ बास्केट उपटणार' हा अर्थ कुणाला लागला असता? कोर्सच्या पहिल्या टी पॅडजवळ सूचनाफलक आहे, त्यावर आजही दोन वर्षांपूर्वीच्या हॅलोविनचा कागद आहे. तिथे एक चिठ्ठी लावली असती तरी पुरे होतं. आम्हाला बातमी कळली ती झाडांवरून. गुरुवारी संध्याकाळी आम्ही अकराजण जोड्यांनी खेळायला जमलो, तर सहा नंबरपासून पुढे बुंध्यांवर केशरी रंगाच्या खुणा. पाडायच्या झाडांना तशा करतात हे आमच्यातल्या एकाला ठाऊक होतं, तो बागकामाचा धंदा करतो. त्या संध्याकाळी कुणी स्कोअर लिहिला नाही.

दुसरी तक्रार, मोजणीची. आपल्या टिपणात म्हटलं आहे की पाहणीच्या वेळी कोर्सवर दोनच व्यक्ती आढळल्या. पाहणी झाली फेब्रुवारीत, मंगळवारी, सकाळी दहाला. त्या दिवशी दोनजण होते, हेच मला विशेष वाटतं. फेब्रुवारीतल्या मंगळवारी सकाळी दहाला क्रिकेटच्या मैदानावर किती आढळतील, ते मी माझ्या घरातल्या ओपनिंग बॅट्समनला विचारलं. तो हसला आणि चहा टाकायला गेला.

इथे कोण येतं ते मी सांगते, मोजणीसाठी नव्हे, ओळख म्हणून. रात्रपाळी संपवून थेट येणारी एक नर्स आहे, ती कुणाशी बोलत नाही, नऊ बास्केट खेळते आणि झोपायला घरी जाते. एक ट्रकवाला आहे, त्याच्या केबिनमध्ये सीटमागे डिस्कची पिशवी कायम असते. कुठल्या राज्यातल्या कुठल्या पार्कमध्ये कोर्स आहे ते त्याला पाठ आहे. निवृत्त पोस्टमन आहेत, सत्तरी ओलांडलेले. सापडलेल्या डिस्क ते घरी नेतात, धुतात आणि मागे लिहिलेल्या नंबरवर फोन करतात. या खेळात डिस्कच्या मागे मार्करने नाव आणि फोन लिहायची पद्धत आहे, आणि सापडली तर परत करायची. माझ्या तीन डिस्क त्यांनी घरपोच आणून दिल्यात. तिसऱ्या वेळी मी त्यांना थालीपीठ खाऊ घातलं, तेव्हापासून माझ्या डिस्क जास्तच लवकर सापडायला लागल्या आहेत.

तिसरी तक्रार सुरक्षिततेच्या कारणाबद्दल, आणि इथे आधी आपलं जे बरोबर आहे ते मान्य करते. तीन नंबरच्या बास्केटची वाट चालण्याच्या रस्त्याला आडवी जाते. गेल्या वर्षी एका बाईंच्या पायाला डिस्क लागली, ती बातमी खरी आहे, आणि लागते तेव्हा खूप लागते. समोर माणूस असेल तर फेकायचं नाही हा नियम आहे, पण वळणाआडून येणारा माणूस दिसत नाही. याचा उपाय तीन नंबरचा टी पॅड चाळीस फूट डावीकडे सरकवणं हा आहे. आम्ही तो दोनदा लेखी सुचवला. खर्च शून्य, फावडी आमची. उत्तर आलं नाही. आता उपाय म्हणून क्रिकेट येतंय. माझ्या पिशवीतली सर्वांत जड डिस्क १७५ ग्रॅमची. क्रिकेटचा लेदर बॉल नियमाप्रमाणे १५६ ते १६३ ग्रॅमचा. वजनाने दोघं भाऊच. फरक एवढाच, की आमच्याकडे डिस्क रस्त्यापलीकडे गेली तर एक फेक दंड बसतो, क्रिकेटमध्ये तेच केलं तर सहा धावा आणि टाळ्या मिळतात.

चौथी, देखभालीची. ओढ्यावरच्या लाकडी पुलाची फळी दोन वर्षं तुटलेली आहे. पाच नंबरच्या कडेला पॉयझन आयव्ही ही खाज आणणारी वेल कमरेइतकी वाढली आहे. कचऱ्याचा डबा काढून नेलात, तो परत आला नाही. टी पॅडवर पावसानंतर चिखल होतो. आधी घराकडे बघायचं नाही, आणि मग पडकं झालं म्हणून पाडायचं, एवढंच म्हणते.

पाचवी तक्रार जमिनीची आहे, आणि ती क्रिकेटवाल्यांनी नीट वाचावी. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमात सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून कमीत कमी ६५ यार्ड लागते. तेवढं वर्तुळ धरलं तर पावणेतीन एकर सपाट, मोकळी जागा हवी. कोर्स आहे सहा एकरांत, पण ती सहा एकर म्हणजे ओढ्याकाठची लांबट पट्टी. डिस्कला चढ, उतार, झाडं, वळण, सगळं चालतं, किंबहुना तेच हवं असतं. म्हणून तर २०११ मध्ये एका स्काउट मुलाने आपल्या प्रकल्पासाठी ही कुणालाच नको असलेली पट्टी निवडली आणि आपल्याच विभागाने त्याला शाबासकी दिली. तिथे मैदान करायचं तर झाडं पाडावी लागतील, भर घालावी लागेल. सहा ते आठ नंबरमध्ये केशरी खुणेची झाडं मी मोजली, ४१ आहेत. आणि एवढं करून ते मैदान टिकेल का? १ सप्टेंबर २०२१ ची रात्र आठवा. आयडा वादळाचं शेपूट न्यू जर्सीवरून गेलं तेव्हा हा ओढा पाच नंबरच्या बास्केटच्या साखळ्यांपर्यंत चढला होता. दोन दिवसांनी पाणी ओसरलं, आम्ही गाळ काढला, खेळ सुरू झाला. क्रिकेटची खेळपट्टी आणि तिच्यावरचं मॅटिंग अशी आंघोळ किती वेळा सोसेल? माझा नवरा आता गप्प आहे. त्याने स्वतः जाऊन पावलांनी मोजून बघितलं. आल्यावर म्हणाला, 'डीप मिडविकेटला तर ओढाच आहे गं.'

कायद्याचा धाक मी घालत नाही. मोकळ्या जागा राखायच्या राज्याच्या ग्रीन एकर्स योजनेत नोंदलेली जमीन परवानगीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येत नाही हे मला माहीत आहे, पण क्रिकेट हाही मैदानी खेळच आहे. तिथे माझी बाजू लंगडी आहे.

शेवटची तक्रार. खरं तर पत्र हिच्यासाठीच लिहायला घेतलं.

निर्णय कळला त्याच्या पुढच्या गुरुवारी पोस्टमन आजोबा माझ्याशेजारी चालत होते. चार नंबरच्या पुलावर तुटक्या फळीपाशी हात देताना त्यांनी विचारलं, 'तुमच्या लोकांचं क्रिकेट केव्हा सुरू होणार?' आवाजात राग नव्हता. चौकशी होती. माझा हात त्यांच्या हातात होता आणि माझी सही त्या अर्जावर होती. मला उत्तर देता आलं नाही. सहा वर्षं मी 'तुमचे लोक' नव्हते. मी ती जवळूनही बास्केट चुकवणारी, थालीपीठवाली बाई होते. एका ठरावाने मला पुन्हा कठड्यावर नेऊन बसवलं, आणि या वेळी कठड्याच्या दुसऱ्या बाजूला सगळे मैदानातले लोक होते.

अर्जात जागा सुचवणारी आमची मंडळी होती, हे खरं. पण बाकीच्या जागा कुठल्या आहेत, या जागेवर कोण आहे, हे त्यांना सांगणं आपलं काम होतं. आपण नकाशा पुढे केलात, त्यावर डिस्क गोल्फचं नाव नव्हतं, 'झाडी' असं लिहिलं होतं. झाडीतून कुणाला उठवावं लागणार हे त्यांना कळलंच नाही. दोन गटांना समोरासमोर बसवण्याऐवजी एकाच्या सह्या दुसऱ्याला दाखवणं सोपं असतं, मान्य आहे. पण त्या सह्यांची ढाल करून घेऊ नका. उद्या झाडं पडली, ओढ्याचं पाणी कुणाच्या तळघरात शिरलं, तर लोक समितीचं नाव घेणार नाहीत. आमचं घेतील.

आणि क्रिकेटवाल्यांनीही एक आठवण ठेवावी. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी न्यूयॉर्कमध्ये ३४ हजार प्रेक्षकांचं तात्पुरतं स्टेडियम आधी ब्राँक्समधल्या व्हॅन कॉर्टलंड पार्कमध्ये उभं राहणार होतं. विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत त्या पार्कमध्ये वर्षानुवर्षं क्रिकेट खेळणारी मंडळीही होती, कारण जागा अडली तर त्यांचं रोजचं खेळणं बंद पडणार होतं. शेवटी स्टेडियम लाँग आयलंडच्या आयझेनहॉवर पार्कमध्ये झालं, तिथेच ९ जूनला भारताने पाकिस्तानला सहा धावांनी हरवलं, आणि तिथले सामने संपल्यावर ते उतरवून नेलं. आपला खेळ आला म्हणून दुसऱ्याचं रोजचं खेळणं जावं, असं क्रिकेटवाल्यांनाही वाटत नाही याचं हे उदाहरण. मुंबईच्या आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा थर्ड मॅन दुसऱ्या सामन्याच्या मिडऑफला पाणी विचारतो. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खेळायची सवय असलेली आपण माणसं, आपल्याला सहा एकर रिकामी करून कशाला हवी?

माझ्या मागण्या अशा.

झाडांवरच्या खुणांप्रमाणे काहीही कापण्याआधी हा ठराव तीन महिने थांबवावा. जमिनीची पाहणी, भरावाचा अंदाज आणि ओढ्याच्या पुराचा विचार असलेला कुठलाही अहवाल आपल्याकडे असेल तर तो जाहीर करावा. मी तो ओप्राखाली मागितला आहे. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, ओप्रा म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखा इथला कायदा. कामकाजाचे सात दिवस उलटले, अहवाल आला नाही. अहवालच नसेल तर तसं लिहून द्यावं.

क्रिकेटला जागा द्यावी. ही मागणी मी सहीसकट कायम ठेवते. पार्कच्या पूर्वेला सॉफ्टबॉलची दोन मैदानं पाठीला पाठ लावून आहेत. त्यांच्या मागच्या गवताचे पट्टे एकमेकांना जोडलेले आहेत. नवरा आणि मी टेप घेऊन गेलो होतो. मध्ये बावीस यार्डांचं मॅटिंग टाकलं तर दोन्ही बाजूंना ६५ यार्डांहून जास्त जागा उरते, एकही झाड न पाडता. सॉफ्टबॉल असेल त्या दिवशी मॅटिंग झाकून ठेवायचं. अमेरिकेत कितीतरी पार्कमध्ये असंच करतात. सॉफ्टबॉलवाल्यांशी बोलायला क्रिकेटचा कप्तान आणि मी दोघं तयार आहोत. त्यांना न विचारता काही ठरवू नये, नाहीतर पुढचं खुलं पत्र त्यांचं येईल.

तीन नंबरचा टी पॅड सरकवायला परवानगी द्यावी. पुलाची फळी बदलावी. डबा परत ठेवावा. नवीन बास्केट चार-पाचशे डॉलरच्या घरात येते. नऊपैकी गंजलेल्या दोन आम्ही वर्गणीतून बदलू. आपल्याकडून फक्त काँक्रीट हवं.

आणि एक बैठक घ्यावी, संध्याकाळी सातनंतर, ज्यात क्रिकेटवाले, डिस्कवाले, सॉफ्टबॉलवाले आणि कुत्री फिरवणारे एकाच खोलीत असतील. चहा माझ्याकडे लागला.

३१२ जणांपैकी ज्यांनी माझ्यासारखं पान उलटलं नाही, त्यांना विनंती आहे की एकदा पार्कात या. वीस मिनिटं लागतील. डिस्क मी देईन. खेळून झाल्यावरही सही कायम ठेवावीशी वाटली तर ठेवा, मी पुन्हा विचारणार नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर, अर्जाच्या दुसऱ्या पानावरच्या मजकुरातून मी सही मागे घेत आहे. पहिल्या पानावरची राहू द्यावी. अशी अर्धी सही मागे घेता येते का, ते आपल्या वकिलांना विचारून कळवावं.

कळावे,

आपली,
१८७ क्रमांक

ता. क. – गेल्या रविवारी चार नंबरच्या ओढ्यात गाळाखाली एक पिवळी डिस्क सापडली. धुतल्यावर तिच्यावर आपल्या विभागाचा शिक्का निघाला, २०११ च्या उद्घाटनाला वाटलेल्यांपैकी दिसते. मागे फोन नंबर आहे, तो आपल्या ऑफिसचाच. दोनदा फोन केला, कुणी उचलला नाही. पद्धतीप्रमाणे ती परत करायची आहे. कुणी, केव्हा भेटेल?